हप्ते फिटेपर्यंत माग टिकेल का?

सोलापूरहून एका यंत्रमागधारकांनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहोत. त्यांच्या विनंतीवरून नाव गाळले आहे.

"अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. आजोबा तेलंगणातून आले आणि पूर्व भागात हातमागावर बसले. वडिलांनी यंत्रमाग घेतले. आज माझ्याकडे आहेत ते सगळे धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नळीचे) जुने माग. काहींवर नक्षी उमटवणारे पुठ्ठ्याचे जेकार्ड आहे. चादर आणि टॉवेल दोन्ही काढतो. आता रेपियर माग आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्ड घेण्याचा विचार आहे, पण त्यासाठी मोठे कर्ज काढावे लागेल. विक्रेता म्हणतो, पुढची वीस वर्षे बघायला नको. मुलगा संगणकाचा डिप्लोमा करतो आहे. तो म्हणतो की कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबो यांच्यापुढे हप्ते फिटायच्या आत हे यंत्र भंगारात जाईल, त्यापेक्षा कारखाना बंद करून जागा भाड्याने द्या. कोणता शोध किती वर्षे चालतो, हे आधी ओळखता येते का? कोणाचे ऐकू? आणि मुलाने पुढे काय शिकावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या चिरंजीवांची भीती खोटी नाही आणि विक्रेत्याचे सांगणेही सर्वस्वी चुकीचे नाही. मात्र दोघेही माग ही एकच वस्तू आहे असे धरून बोलत आहेत आणि घोळ नेमका तिथे आहे. आपण ज्याला माग म्हणतो ते वेगवेगळ्या वयाच्या अनेक शोधांचे एकत्र कुटुंब आहे. त्यातला प्रत्येक जण वेगळ्या काळी घरात आला आणि प्रत्येक जण वेगळ्या काळी घराबाहेर पडेल. "हे यंत्र किती वर्षे चालेल" या प्रश्नाला म्हणूनच एक आकडा देता येत नाही. "यातला कोणता भाग किती वर्षे चालेल" या प्रश्नाला मात्र बरेच विश्वासाने उत्तर देता येते.

उभ्या ताणलेल्या धाग्यांमधून (म्हणजे ताण्यातून) आडवा धागा ओवून तो फणीने ठोकायचा, ही कल्पना हजारो वर्षांची आहे आणि आपण घेऊ पाहता त्या रेपियर मागातही ती जशीच्या तशी आहे. धोटा हाताने न फेकता दोरीच्या झटक्याने पळवण्याची युक्ती जॉन के यांनी १७३३ मध्ये काढली. एडमंड कार्टराइट यांचा यंत्रमाग १७८५ चा आणि जेकार्ड १८०४ चे. आपल्या मागाला फिरवणारी थ्री-फेज मोटार ज्या इंडक्शन तत्त्वावर चालते, त्याचे निकोला टेस्ला यांना मिळालेले पेटंट १८८८ चे आहे. त्यापूर्वी गिरण्यांमधले माग वाफेच्या इंजिनावर, छताला टांगलेल्या लांब दांड्याला पट्टे लावून फिरत असत. म्हणजे फिरवणारी शक्ती बदलली, पण कापड विणण्याची रीत बदलली नाही. रेपियरमध्ये धोट्याऐवजी एक दांडी आडवा धागा ओढून नेते, त्यामुळे धोट्यातली कांडी भरण्याचे कामही उरत नाही, पण ताणा, फणी आणि मोटार राहतात.

जेकार्डकडे जरा जवळून पाहू, कारण आपले सर्वांत जास्त पैसे त्यातच गुंतणार आहेत. आपल्या जुन्या जेकार्डमध्ये प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा सुयांसमोर येऊन टेकतो. जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर जाणाऱ्या पातीवर अडकलेला राहतो आणि त्याच्या दोरीला बांधलेला ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नसते तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पातीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्येही हूक आहेत, दोऱ्या आहेत आणि धागे तसेच उचलले जातात. भोकाने जो निर्णय होत असे तो आता विद्युतचुंबक करतो आणि पुठ्ठ्यांच्या माळेऐवजी संगणकातील फाइल असते. "भोक आहे की नाही" एवढ्या दोनच उत्तरांवर कितीही गुंतागुंतीची नक्षी उभी करता येते, ही मूळ कल्पना दोन शतके ओलांडून अबाधित आहे. तीच कल्पना हर्मन हॉलरिथ यांनी माणसे मोजण्यासाठी वापरली आणि १८९० ची अमेरिकेची जनगणना भोके पाडलेल्या कार्डांवर झाली. पुढे अनेक दशके संगणकांना कामाच्या सूचना अशाच कार्डांवरून दिल्या जात. संगणकांनी ती कार्डे केव्हाच टाकून दिली. आपल्या शेडमध्ये मात्र ती अजून चादरीवर नक्षी उमटवत आहेत. चिरंजीवांनी डिप्लोमासाठी जो विषय निवडला, त्याचा एक पूर्वज त्यांच्या घरातल्या कारखान्यात चालू स्थितीत आहे, हे त्यांना मुद्दाम दाखवावे.

आता काळाचे गणित. पर्याय बाजारात आला की जुने लगेच संपते अशी आपली समजूत असते, पण तसे फार क्वचित घडते. धोट्याशिवाय चालणारा सुल्झर कंपनीचा माग १९५३ मध्ये बाजारात आला आणि पहिले इलेक्ट्रॉनिक जेकार्ड १९८३ चे. एकाला सत्तरांहून अधिक आणि दुसऱ्याला चाळिसांहून अधिक वर्षे उलटली, तरी आपण आज या दोन्हींसाठी कर्ज काढावे का असे विचारत आहात आणि आपला धोट्याचा माग त्या सगळ्या काळात आपले घर चालवत आला आहे. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे, पण भारतातली तारसेवा जुलै २०१३ पर्यंत चालू होती. नवा शोध लागणे आणि त्याने जुन्याची जागा प्रत्यक्षात घेणे यांच्यामध्ये भांडवल, सुटे भाग, शिकलेले हात, विजेचे दर आणि गिऱ्हाइकाची सवय एवढे सगळे उभे असते. चिरंजीव बातम्यांमध्ये शोधाची तारीख वाचतात. आपल्याला पाहायची आहे ती बदलीची तारीख. वस्त्रोद्योगात या दोन तारखांमध्ये आजवर दशकांचे अंतर पडत आले आहे.

जी वस्तू फार काळ टिकली आहे ती आणखी बराच काळ टिकण्याची शक्यता अधिक, असा एक ठोकताळा जगभर मांडला जातो. न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहाच्या नावावरून त्याला लिंडी परिणाम म्हणतात. तो तत्त्वांना छान लागू पडतो, पण विशिष्ट यंत्रांना लावताना जपून लावावा, असे माझे मत आहे. सर्वांत अल्पायुषी ठरतात ते मधल्या पायरीचे शोध, म्हणजे एका गोष्टीकडून दुसरीकडे जाताना तात्पुरता आधार देणारे. एडिसन यांच्या १८७९ च्या दिव्यापासून तारेचा बल्ब शंभराहून अधिक वर्षे घरोघरी राहिला; त्याच्या जागी आलेला सीएफएल मात्र, आपण ज्याला वीज वाचवणारा दिवा म्हणून कौतुकाने विकत घेतला तो, २०१५ पासून सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी मिळू लागल्यावर काही वर्षांतच दिसेनासा झाला. पेजरचेही तेच झाले. जुन्या मागावर बसवायचे अर्धवट इलेक्ट्रॉनिक जोडकाम, म्हणजे पुठ्ठ्याचे जेकार्ड तसेच ठेवून त्यावर संगणकाचा डबा बसवण्याचे प्रस्ताव कोणी आणले, तर ते मला याच वर्गातले वाटतात. स्वस्त दिसले तरी त्यात पैसे घालू नयेत.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कमी खर्चात आणि हलक्या रुळांवर किती भार नेता येतो याचा तो त्या काळातला उत्तम नमुना होता. तिच्या अभियांत्रिकीत खोट नव्हती. अडचण अशी की शेजारची मुख्य लाइन ब्रॉडगेज होती आणि कुर्डुवाडीला माल एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. उत्तम यंत्रसुद्धा शेजाऱ्याशी जुळत नसेल तर त्याला दररोज दंड भरावा लागतो आणि अखेर ते बदलावेच लागते. या मार्गाचेही या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. त्या मार्गावरून वाफेचे इंजिन गेले, पण वाफ गेली नाही. होटगीजवळ फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या वीज केंद्रात कोळशाने पाण्याची वाफ करून टर्बाइनच फिरवली जाते आणि अशी वाफेची टर्बाइन चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये प्रथम घडवली. एकच तत्त्व एका रूपात संपले आणि दुसऱ्या रूपात त्याच जिल्ह्यात वीज निर्माण करते आहे.

यंत्र शेजाऱ्याशी जुळते की नाही, हा प्रश्न घेऊनच आपण विक्रेत्याकडे जावे. नव्या मागाचे लोखंड नीट तेलपाणी केले तर वीस वर्षे सहज चालेल. विक्रेता तेवढ्यापुरता खरे बोलतो. पण त्या मागाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, त्याची कार्डे, त्याचा पडदा आणि आतली संगणकप्रणाली यांचे आयुष्य तेवढे नसते. हे भाग बिघडतात म्हणून अडत नाही. उत्पादक नवे मॉडेल काढतो आणि जुन्याचे सुटे भाग देणे बंद करतो, तेव्हा अडते. लोखंड धडधाकट आणि मेंदू बंद, अशा अवस्थेत चांगली यंत्रे भंगारच्या भावाने जातात. चिरंजीवांना जे भंगार दिसते आहे ते खरे आहे, फक्त ते रोबोमुळे येणार नसून दहा-पंधरा हजारांच्या एका न मिळणाऱ्या कार्डामुळे येईल.

म्हणून विक्रेत्याकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. नियंत्रक भागाचे सुटे सामान किती वर्षे देणार आणि ते मुंबई, सुरत किंवा इचलकरंजीहून किती दिवसांत येणार, हे पहिले. नक्षीची फाइल कोणत्याही सर्वसामान्य प्रणालीत तयार करून यंत्राला देता येते की त्यांचीच प्रणाली दरवर्षी पैसे भरून वापरावी लागते, हे दुसरे. यंत्राचे पासवर्ड आणि विद्युत आराखडे खरेदीदाराच्या हाती मिळणार की नाही, हे तिसरे. आणि सोलापुरातच त्याच मॉडेलचे माग चालवणारे दुसरे कारखानदार किती आहेत, हे चौथे. हे तर आपण स्वतःच फिरून पाहू शकता. ज्या यंत्राचे शेजारी भरपूर आहेत त्याचा मेकॅनिक गावात राहतो, त्याचे जुने भाग गावात फिरतात आणि एकाचे बंद पडलेले यंत्र दुसऱ्याचे चालू ठेवते. कागदोपत्री सरस असलेल्या एकट्या यंत्रापेक्षा मी असे गावात रुळलेले, थोडे मागच्या पिढीचे यंत्र निवडेन.

कर्जाची मुदत मागाच्या लोखंडावर न ठरवता त्यातल्या सर्वांत अल्पायुषी भागावर ठरवावी. सुटे भाग देण्याची लेखी हमी सात वर्षांची असेल तर हप्ते पाच वर्षांत संपले पाहिजेत. तेवढा हप्ता झेपत नसेल तर यंत्रांची संख्या कमी करावी, मुदत वाढवू नये. अनुदानाच्या भरवशावर हप्त्याचे गणित मांडू नये. अनुदान आले तर ते मुद्दलात भरावे.

आणखी एक गोष्ट पत्रात आली नाही, ती मला सांगितलीच पाहिजे. एखाद्या यंत्राला संपवणारा शोध पुष्कळदा त्या यंत्राच्या जातीचा नसतोच. सोलापुरी चादरीच्या बाजारावर ज्या वस्तूने मोठा घाला घातला ती वस्तू अधिक चांगल्या मागावर विणलेली चादर नव्हती. पानिपतहून येणारे पॉलिएस्टरचे मऊ मिंक ब्लँकेट मागावर विणले जात नाही. ते राशेल नावाच्या विणकामाच्या यंत्रावर, सुयांनी टाके गुंफून तयार होते. आपण रेपियर घेतला तरी त्या ब्लँकेटशी भावात स्पर्धा करता येणार नाही. आपल्या शहराने ही गोष्ट एकदा मोठ्या किमतीला अनुभवली आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली आणि पुढे लक्ष्मी-विष्णू मिलही थांबली, तेव्हा कापड विणण्याचा शोध कालबाह्य झालेला नव्हता. त्याच शहरात हजारो यंत्रमाग त्यानंतरही चालत राहिले. कालबाह्य होतो तो पुष्कळदा धंद्याचा हिशोब, आणि यंत्राला उगीच बोल लागतो. त्यामुळे नवे माग घ्यायचे तर ते टॉवेलसाठी घ्यावेत, कारण घाम आणि पाणी टिपणाऱ्या सुती टॉवेलची जागा पॉलिएस्टरला सहज घेता येत नाही. चादरीसाठी जुने माग आहेत तेच ठेवावेत. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर ओळखून विकत घेणारा गिऱ्हाईक कमी झाला असला तरी संपलेला नाही आणि त्या गिऱ्हाइकासाठी नव्या कर्जाची गरज नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी चिरंजीवांना एवढेच सांगेन की ती आपल्या कारखान्यात येईल, पण मागाच्या जागी न येता मागाच्या दोन टोकांना येईल. एका टोकाला नक्षी तयार करणे आहे. आलेख कागदावर चौकोन भरण्याचे काम संगणकाने आधीच घेतले आहे आणि पुढे नमुने सुचवण्याचे कामही तो घेईल. दुसऱ्या टोकाला तयार कापडातील तुटलेला धागा किंवा डाग कॅमेऱ्याने शोधणे आहे. या दोन्ही कामांत माणसांच्या नोकऱ्या बदलतील आणि त्या माणसांचा विचार आपण आतापासून केला पाहिजे. पण कॅमेऱ्याला पाहण्यासाठी आधी कापड विणले जावे लागते.

मुलाने काय शिकावे, या प्रश्नावर मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिथे चूक झाली तर हप्त्यासारखी ती फेडून संपत नाही. एखाद्या कंपनीची विशिष्ट प्रणाली शिकण्यात त्याने वर्षे घालवू नयेत. ती त्या नियंत्रक कार्डाइतकीच अल्पायुषी असते. त्याने मोटार आणि तिचा वेग बदलणारा व्हीएफडी, सेन्सर, विजेची मोजमापे आणि कापडाची रचना शिकावी. टॉवेलचे लूप कसे उभे राहतात ते त्याला विचारून पाहावे. तीन आडव्या धाग्यांपैकी पहिले दोन फणी कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर सोडते आणि तिसऱ्याच्या वेळी तिन्ही मिळून कडेपर्यंत ठोकते. तेव्हा सैल सोडलेला दुसरा ताणा पुढे सरकून त्याचे लूप उठतात. धोटा असो, रेपियर असो की उद्या आणखी काही असो, टेरीचे टॉवेल असेच विणले जातात. ज्याला हे कळते त्याला नव्या यंत्राचे पुस्तक आठवड्यात कळते. ज्याला केवळ पडद्यावरची बटणे येतात त्याला प्रत्येक नव्या यंत्रापुढे पहिलीपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे माग दुरुस्त करायला येणारे जॉबर आता वयस्कर झाले असतील. मागाच्या आवाजावरून धोटा कुठे अडखळतो हे सांगणारी ही माणसे यंत्राआधी संपत आहेत आणि जुन्या मागांना खरा धोका तिथून आहे. चिरंजीवांनी डिप्लोमाच्या सुट्टीत एका जॉबरांच्या हाताखाली काम करावे, त्या जॉबरांना त्या काळाचा मेहनताना द्यावा आणि प्रत्येक दुरुस्ती मोबाइलवर चित्रित करून नोंद ठेवावी. त्यानंतर तो पुण्याला नोकरीसाठी गेला तरी हरकत नाही. यंत्र आतून समजलेल्या मुलाला संगणकाच्या धंद्यातही मागणी असते. आणि राहिला, तर आपल्या वसाहतीत इलेक्ट्रॉनिक माग दुरुस्त करणारा स्थानिक माणूस म्हणून त्याचे उत्पन्न कारखान्यापेक्षा अधिक खात्रीचे असू शकेल.

कारखाना बंद करून जागा भाड्याने देण्याची घाई मात्र करू नये. या वर्षी दोन माग घ्यावेत, चार नव्हे. त्याआधी मागच्या बारा महिन्यांच्या टॉवेलच्या मागण्या वहीतून काढाव्यात आणि त्या दोन मागांना दोन पाळ्या पुरतील इतक्या आहेत का ते पाहावे. तेवढ्या नसतील, किंवा विक्रेता सुट्या भागांची हमी लेखी द्यायला तयार नसेल, तर या वर्षी कर्ज काढू नये. त्याऐवजी वारंवार रिवाइंड करून (जळालेली तार पुन्हा गुंडाळून) वीज जास्त खाणाऱ्या जुन्या मोटारी बदलून घ्याव्यात. तो खर्च लहान आहे आणि विजेच्या बिलातून परत मिळतो.